भर परिषदेत ठकीने तोंड फिरवलं

वासराला बाटलीने दूध कसं पाजावं, हा माझा विषय आहे. लोकांचे विषय इतिहास, अर्थशास्त्र, शेअरबाजार असे भारदस्त असतात, माझा हा. पशुसंवर्धन खात्याची विस्तार अधिकारी म्हणून मी गोठ्यागोठ्यांत उभी राहून हेच शिकवत आले आहे. आमचं लग्न ठरत असताना नवऱ्याने पहिल्याच भेटीत, "तुम्ही नेमकं काय करता?" असं सहज विचारलं, तर समोरची कॉफी गार होईपर्यंत मी त्याला ते सांगत होते. तरीही त्याने होकार कळवला, म्हणजे मी ते बऱ्यापैकी सांगत असणार.

हे एवढ्यासाठी आधीच सांगून ठेवते, की पुढची हकीकत वाचून कुणी माझ्या पदवीविषयी शंका घेऊ नये. कारण माझी स्वतःची मुलगी बाटलीला तोंड लावत नव्हती.

ढब्बी हे तिचं लाडाचं नाव. कागदोपत्री नाव चांगलं आहे. तर ही ढब्बी माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाकडून, दुसऱ्या कशातूनही दूध घ्यायला तयार नव्हती. आणि बाळंतपणाची रजा संपत आली होती. सोमवारी रुजू व्हायचं होतं. रजा वाढवून मागितली तेव्हा साहेब फार दुःखी आवाजात म्हणाले, "वाढवू की मॅडम. पण मग तुमच्या जागी दुसरं माणूस येईल आणि तुम्हाला मुख्यालयात फायलींवर बसावं लागेल." साहेब वाईट नाहीत. त्यांच्या वरही साहेब आहेत, आणि त्यांच्याही वर. पण मला गोठे आवडतात. फायली कधी आपल्या पोटात डोकं खुपसून ढुशी देत नाहीत.

सासूबाई ढब्बीला सांभाळायला आनंदाने तयार होत्या. नवऱ्याने आपल्या कचेरीतली वेळ पुढेमागे करून घेतली होती. सगळ्या घराने मिळून केलेला ठराव ढब्बी मात्र रोज नामंजूर करत होती. ती ओठ असे मिटून घ्यायची की वाटावं, ह्या मुलीच्या तोंडाला मुळी दारच नाही.

अशा वेळी शेजारी किती असतात ते कळतं. वरच्या मजल्यावरच्या मावशी म्हणाल्या, "अगं पोरी, बाटली कशाला? चमच्याने पाज." चमच्यातलं दूध ढब्बीने मावशींच्याच चष्म्यावर फुंकलं. सोसायटीचे सेक्रेटरी खास वर येऊन म्हणाले, "आमची दोन्ही मुलं बाटलीवर वाढली. मीच पाजायचो." त्यांच्या मागे त्यांच्या मिसेस उभ्या होत्या. त्यांनी नुसती मान हलवली. ती आडवी हलवली. नवऱ्याने बाटलीला लावायची वेगवेगळ्या आकाराची रबरी बुचं आणली. कुठलं गोल, कुठलं चपटं, एक तर असं वाकडं की ते बघून मीच नाराज झाले. ओट्यावर बाटल्यांची रांग लागली. आणि दर वेळी सासूबाई ढब्बीला मांडीवर घ्यायच्या, नवरा खुळखुळा वाजवायचा, आणि मी त्यांच्या अगदी शेजारी उभी राहून सूचना द्यायचे. "आई, थोडी तिरकी धरा. आई, हवा जाईल. आई, आता थांबा. आई, आता थांबू नका." ढब्बी सासूबाईंच्या खांद्यावरून माझ्याकडे बघायची आणि भोकाड पसरायची.

"बयो," सासूबाई एकदा म्हणाल्या, "तुझी वासरं तुझं हे सगळं ऐकून घेतात?"

मी दुखावले. वासरं ऐकतात. वासरांचा माझ्यावर विश्वास आहे.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. शनिवारी विभागीय पशुपालक परिषद होती. दूरदूरचे पशुपालक येणार, नवीन पद्धती समजून घेणार. "तुम्ही रजेवर आहात, मला कल्पना आहे," साहेब म्हणाले, "पण वासरू-संगोपनाचं प्रात्यक्षिक तुमच्यासारखं कोण देणार? छोटंसंच आहे. फक्त एक वासरू लागेल." स्तुती केली की माझं डोकं चालत नाही. मी 'हो' म्हटलं. शिवाय मनात असंही आलं, की सोमवारच्या आधी ढब्बीपासून थोडा वेळ दूर राहून बघण्याची ही रंगीत तालीमच होईल.

फक्त एक वासरू. खात्याकडे तपासणीची यंत्रं आहेत, नकाशे आहेत, गाईच्या पोटाचे चार कप्पे उघडून दाखवणारं प्लॅस्टिकचं मॉडेल आहे, वासरू नाही. मग माझ्या ओळखीच्या एका गोठेवाल्या बाईंनी आपली ठकी देऊ केली. ठकी म्हणजे पांढऱ्या कपाळाची, गुडघ्यांत वाकणारी, दिसायला अत्यंत गरीब कालवड. "बाटलीची इतकी हावरी आहे मॅडम," बाई म्हणाल्या, "की माणसाच्या हातात पाण्याची बाटली दिसली तरी मागे लागते. तुम्ही बिनधास्त न्या." मी बिनधास्त झाले. हीच माझी चूक.

पहिली अडचण सभागृहाची. तिथल्या व्यवस्थापकाकडे आत सोडायचे पास तीन प्रकारचे होते: वक्ता, प्रतिनिधी आणि कर्मचारी. "वासरू ह्यात कुठे बसतं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, साहित्य म्हणून येऊ दे. तो म्हणाला, साहित्याला पाय नसावेत असा नियम आहे. पाय असलेलं जे काही आत येईल, त्याच्या गळ्यात पास पाहिजे. बराच ऊहापोह होऊन ठकीला प्रतिनिधीचा दर्जा मिळाला. त्यात जेवणाचं कुपनही होतं. ते मी परत करायला गेले, तर म्हणाला, परत घेण्याची पद्धत नाही.

दुसरी अडचण टेम्पोची. परिषदेच्या सकाळी खात्याचा टेम्पो खुर्च्या आणायला जाणार होता, म्हणून वासरू आदल्या दिवशीच आणा, असं ठरलं. आणून ठेवायचं कुठे? साहेब म्हणाले, "तुमच्या सोसायटीत खाली मोकळी जागा आहे म्हणे." साहेबांना हे कुणी सांगितलं, ते मला अजून कळलेलं नाही. मी सेक्रेटरींकडे गेले. त्यांनी सोसायटीची नियमावली काढली. कुत्र्यांना मनाई, मांजरांना अटी, पोपटाला जिन्यात बोलू न देण्याविषयी एक स्वतंत्र कलम. वासराबद्दल अवाक्षर नाही. सेक्रेटरी नियमाचे पक्के असल्यामुळे नियम नसला की ते हळवे होतात. "पाहुणी आहे ना?" ते म्हणाले. "मग पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये राहू दे. पण रेषेच्या आत."

शुक्रवारी दुपारी ठकी रेषेच्या आत उभी राहिली आणि सोसायटीचं कामकाज थांबलं.

जी माणसं एकमेकांशी पाण्याच्या टाकीवरून बोलत नव्हती, ती खांद्याला खांदा लावून तिच्याकडे बघत होती. मावशींनी जुनी सतरंजी आणली. सेक्रेटरींनी पंखा लावायची परवानगी दिली, मग स्वतःच वायर ओढून पंखा लावला. संध्याकाळचं दूध मी सर्वांसमक्ष पाजलं. ठकीने बाटलीवर अशी झेप घेतली की मी एक पाऊल मागे गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी लगेच थोडं व्याख्यानही दिलं. आणि शेवटी, अधिकाराच्या आवाजात, सगळ्यांना बजावलं: "उद्या सकाळी हिला कुणीही, काहीही द्यायचं नाही. सकाळचं दूध ती परिषदेत पिणार आहे. भूक असेल तरच प्रात्यक्षिक नीट होईल."

"म्हणजे उपाशी नेणार?" मावशींनी विचारलं.

"उपाशी नाही मावशी. थोडा उशीर."

"उशीरच तो. पण उपाशीच ना?"

मी खांबावर तशी सूचनाही चिकटवली. मोठ्या अक्षरांत. तेव्हा आजूबाजूला जी शांतता पसरली तिचा अर्थ मी 'लोकांना पटलं' असा लावला.

सकाळी निघताना ठकी जरा सुस्त वाटली. मी म्हटलं, जागा नवी आहे. टेम्पोत ती बसून राहिली. मी म्हटलं, शहाणी आहे. ढब्बी, सासूबाई, नवरा आणि मी मागून रिक्षाने. बेत असा होता, की कार्यक्रमाच्या आधी ढब्बीला पाजायचं, वीसेक मिनिटांचं प्रात्यक्षिक उरकायचं आणि परत तिच्याजवळ यायचं. सोबत बाटलीही घेतली होती, पण ती आपली शोभेला. एखादा छत्री घेतो आणि पाऊस पडत नाही, तशी.

बेत बिघडवला तो प्रमुख पाहुण्यांनी. ते उशिरा आले, आणि उशीर का झाला ते त्यांनी भाषणात सविस्तर सांगितलं. मग पशुधनाचं महत्त्व सांगितलं, ते समोर बसलेल्या पशुपालकांना माहीत होतं. ढब्बीला पाजून मला बराच वेळ होऊन गेला होता. व्यासपीठाच्या मागच्या खोलीतून तिचा बारीक कुरकुरीचा आवाज यायला लागला. मी उठू लागले, तर साहेब कानाशी म्हणाले, "मॅडम, आता तुमचंच." आणि माझं नाव पुकारलं गेलं.

ठकी गळ्यात प्रतिनिधीचा पास घालून व्यासपीठावर आली. सभागृह खूश झालं. मी बाटली पुढे धरली.

ठकीने बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तोंड फिरवलं.

मी हसले. अशा वेळी हसायचं असतं. बोट दुधात बुडवून तिच्या ओठाला लावलं. तिने जांभई दिली. वासराची जांभई इतक्या जवळून आणि इतक्या लोकांसमोर मी प्रथमच बघत होते. बाटली डावीकडून दिली, उजवीकडून दिली. मग ती पुढे सरकली. माझ्या जिवात जीव आला. आणि तिने पाहुण्यांचा पुष्पगुच्छ तोंडात धरून चघळायला घेतला. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी अगदी मायेने विचारलं, "बाई, तुम्ही नवीन आहात का?"

आणि मागे ढब्बीने सूर लावला. कुरकुर नाही, खणखणीत रडणं. ते माइकमधून आख्ख्या सभागृहात घुमलं. तो आवाज ऐकला की आईला पान्हा फुटायचा तो फुटतोच. मी ओढणी पुढे ओढून घेतली आणि माइक छातीशी धरून उभी राहिले. समोर दूध न पिणारं एक पिल्लू, मागे दूध न पिणारं दुसरं, आणि मधे मी, ह्या विषयातली तज्ज्ञ.

साहेबांनी डोळ्यांनी खूण केली: बोला, काहीतरी बोला. मी बोलायला लागले. पाठच होतं सगळं. "पिल्लाला बाटलीची सवय लावताना पहिली गोष्ट. आई जवळ नको. आई दिसली, आईचा वास आला, की पिल्लू दुसऱ्या कशाला तोंड लावत नाही. का लावेल? त्याला माहीत असतं, की खरं दूध तिथे उभं आहे. म्हणून आधी त्याला आईपासून लांब न्या..."

इथे मी थांबले. हे वाक्य मी आजवर किती गोठ्यांत म्हटलं असेल. आणि घरी मी कुठे उभी असायचे? अगदी शेजारी. सूचना देत.

सभागृहाला वाटलं, मी मुद्दा ठसवण्यासाठी थांबले आहे. काही जणांनी लिहून घेतलं. मी घसा खाकरून पुढे गेले. "दूध कोमट असावं. पिल्लाचं डोकं फार वर नको. आधी एक थेंब ओठावर, मग वाट बघा. जबरदस्ती नाही. आणि शेपटीच्या मुळाशी हलकं खाजवा. आई चाटते तसं वाटतं त्याला, आणि मग ते ओढायला लागतं."

मी ठकीला खाजवलं. ठकीने ओढलं नाही. उलट तिने शेपटी उचलली, आणि परिषदेच्या लाल गालिच्यावर जे केलं, ते पाहून प्रमुख पाहुण्यांनी पाय वर घेतले.

ते मात्र मी नीट पाहिलं. शेवटी माझा धंदाच आहे तो. पातळ, पिवळसर, भरपूर. हे भुकेल्या वासराचं काम नव्हतं. मी माइकमध्येच विचारलं, "हिला सकाळी कुणी दूध पाजलंय का?"

शेवटच्या दोन रांगांत आमची सोसायटी बसली होती. ठकीला बघायला आली होती सगळी, चांगले कपडे घालून. तिथे चुळबुळ झाली. मग मावशींचा हात वर गेला. "थोडंसंच गं. बाळजीव ते." मग त्यांच्या शेजारचा एक हात. मग आणखी एक. मग सेक्रेटरी उभे राहिले आणि जबाब दिल्यासारखे म्हणाले, "मी पण. रेषेच्या आत उभं राहून." त्यांच्या मिसेस त्यांच्याकडे अशा बघत होत्या, जणू संसारात पहिल्यांदाच ह्या माणसाने कुणाला तरी बाटली पाजली.

"पण बाटली कुठून आणली? मी तर धुऊन वर ठेवली होती!"

"तुझ्या सासूबाईंनी दिली," मावशी म्हणाल्या. "जो मागेल त्याला देत होत्या. पहिली त्यांनीच पाजली."

सभागृह जे हसलं! मला वाटलं, आता फायलीच. मुख्यालय, कोपऱ्यातलं टेबल, आणि आयुष्यभर ही गोष्ट सांगणारे सहकारी. पण हसू ओसरल्यावर मधल्या रांगेतल्या एक बाई उठल्या. "मॅडम, आमच्याकडे हेच होतं हो," त्या म्हणाल्या. "सासरे पाजतात, दीर पाजतो, मी पाजते. कुणी कुणाला विचारत नाही. मग वासरू हगवणीने आडवं होतं आणि आम्ही म्हणतो, दूधच खराब. काय करावं?"

"आमच्याकडे पण," दुसऱ्या कोपऱ्यातून आवाज आला. आणि मग इतके हात वर झाले, की परिषदेत सकाळपासून एवढे जागे लोक कुणी पाहिले नव्हते. मी सांगितलं: पाजणारं माणूस एकच ठेवा. दुसऱ्याने पाजलं तर गोठ्याच्या भिंतीवर खडूने रेघ मारा, म्हणजे तिसरा पाजणार नाही. माया सगळ्यांनी करा, बाटली एकाने धरा. लोक प्रश्न विचारत राहिले, मी उत्तरं देत राहिले, ठकी मधोमध झोपून गेली. मावशींनी शेवटच्या रांगेतून विचारलं, "आता तिला बरं कशाने वाटेल?" तिथे सगळे पुन्हा हसले, पण मी त्याचंही नीट उत्तर दिलं.

साहेब उठले आणि म्हणाले, "अति पाजण्याचे दुष्परिणाम, हे प्रात्यक्षिक आमच्या मॅडमनी मुद्दाम योजलं होतं." मी मुद्दाम काहीही योजलं नव्हतं. पण साहेब ज्या आत्मविश्वासाने बोलले, त्यावरून ते साहेब का झाले ते मला कळलं.

आणि टाळ्या थांबल्यावर माझ्या लक्षात आलं: मागे रडणं थांबलं होतं.

केव्हा थांबलं? मला आठवेना. आईला रडणं ऐकू येतं त्याचा त्रास होतो, आणि ऐकू येईनासं झालं की जीवच जातो. मी माइक साहेबांच्या हातात कोंबला आणि धावले. खोली रिकामी. खुर्चीवर खुळखुळा. दारावरचा रखवालदार म्हणाला, "आजी बाळाला घेऊन मागच्या अंगणात गेल्या. तुमच्या भाषणाच्या मधेच उठल्या. म्हणाल्या, लांब जायला सांगितलंय."

मी मागच्या दाराने बाहेर पडले, तर नवरा दोन्ही हात पसरून आडवा आला.

"पुढे येऊ नकोस."

"काय झालं? ढब्बी कुठे आहे?"

"हळू बोल. खांबामागे हो. वारा तुझ्याकडून तिकडे जातोय."

टेम्पोच्या सावलीत, पालथ्या घातलेल्या बादलीवर सासूबाई बसल्या होत्या. ढब्बीला त्यांनी आडवं न धरता मांडीवर जरा उठतं बसवलं होतं, तोंड बाहेरच्या बाजूला, झाडाकडे. एका हातात बाटली तिरकी. कुणी सूचना देत नव्हतं. आणि ढब्बी पीत होती. गटागटा नाही, अगदी विचार करून, मधेमधे झाडाकडे बघून. पण पीत होती. बाटलीतले बुडबुडे वर जाताना मला एवढ्या लांबून दिसत होते.

मी खांबाला टेकले आणि खाली बसले. नवरा शेजारी बसला. त्याने आपला रुमाल माझ्या हातात दिला. त्याच्यावर आधीच ढब्बीचं दूध सांडलेलं होतं.

बाटली रिकामी झाल्यावर सासूबाईंनी मागे न बघताच आवाज दिला, "ये आता. किती वेळ लपशील?"

मी गेले. "आई, कसं जमवलंत?"

"ह्या अंगणातल्या भोंग्यातून तूच तर सांगत होतीस. लांब न्या म्हणालीस, नेलं. थेंब लावा म्हणालीस, लावला. वाट बघा म्हणालीस, बघितली." बाटली पुसत त्या म्हणाल्या, "आणि सकाळी त्या ठकीवर हात बसलाच होता माझा. ते खाजवायचं तेवढं पाठीवर भागवलं."

"मग इतके दिवस..."

"इतके दिवस तू मधे उभी होतीस," त्या म्हणाल्या, पण अशा म्हणाल्या की मला लागलं नाही. "सोमवारी जा तू कामावर. खुशाल जा. आणि भिंतीवर रेघ मी मारीन, नाहीतर वरची मावशी येऊन आणखी पाजून जायची."

मी हसले, आणि हसता हसता डोळ्यांचं जे व्हायचं ते झालं, म्हणून तो ओला रुमाल कामी आला. मनावरचा दगड उतरला, हे खरंच. पण त्या दगडाच्या जागी एक लहानसा खड्डाही पडला होता. ती माझ्याशिवाय पोट भरू शकत होती. मला हेच हवं होतं, ह्याच्यासाठीच तर एवढा खटाटोप. आणि ते मिळाल्यावर हातांचं काय करायचं ते कळेना.

तेवढ्यात ढब्बीने मला पाहिलं. हनुवटीवर दुधाचा ओघळ, पोट टम्म. तिला आता माझ्याकडून काहीही नको होतं. तिने दोन्ही हात पुढे केले, माझ्याकडे आली, खांद्यावर डोकं टेकलं, एक सविस्तर ढेकर दिला, आणि तिथेच झोपली.